बाहीच्या पानावरचं तेल

बायकोची साइट हरवल्याचं घड्याळवाल्या काकांना सकाळी एका शिंपीणबाईच्या फोनवरून कळलं.

"काका, बाही जोडायचं काकूंचं पान कुठं गेलं हो? आधी शोधलं की सगळ्यात वर यायचं. आता येतच नाही."

काकांनी शोधलं. शोधाच्या निकालांचं पहिलं पान, दुसरं, नववं. कुठंच नाही. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती; त्या सकाळी त्या पुन्हा गेल्या. शिवणकामाची एकेचाळीस पानं त्यांनी दुपारची झोप मोडून लिहिली होती.

साइटवरून पैसा कमवायला शिकवणारे एक लिंकगुरू होते; त्यांच्याच सांगण्यावरून काकांनी साइटवर लिंका विकल्या होत्या. काका सुनेला घेऊन तडक त्यांच्या सभेला गेले. सून शाळेत संगणक शिकवायची.

हॉल खच्चून भरला होता. निवृत्त कारकून, फोटोग्राफर, पार्लरवाल्या बाई. प्रत्येकाची एकेक साइट आणि डोळ्यांत एकच आशा. पांढऱ्या कोटातले गुरू कानाला माइक अडकवून येरझाऱ्या घालत होते.

"मित्रांनो, तुमच्या साइटच्या अंगात शक्ती आहे! दुसऱ्याच्या साइटकडे एक लिंक सोडा. तुमची शक्ती त्याला, त्याचा पैसा तुम्हाला. तुम्ही घोरत पडा, साइट कमावेल!"

टाळ्या. काकांनीही मागच्या वर्षी अशाच वाजवल्या होत्या. आपल्या माघारीही काकूंची साइट स्वतःच्या पायावर उभी राहील, असं गुरूंनी सांगितलं होतं ना! म्हणून बाहीच्या पानावर केसांच्या तेलाची लिंक आली, कॉलरच्या पानावर लग्नाच्या अल्बमची.

काका उभे राहिले. "गुरुजी, माझी साइट शोधात सापडत नाही."

"श्रद्धा कमी पडली, काका! आणखी लिंका विका. हा बघा चमत्कार!"

गुरूंनी इशारा केला. लॅपटॉपवरच्या मुलीने 'चंदेरी सुखनिद्रा उशी सल्लाकेंद्र' हे शब्द शोधले. पडद्यावर पहिलीच साइट गुरूंच्या चेल्याची!

"कालपर्यंत हिला कुत्रं विचारत नव्हतं! बारा लिंका, बारा दिवस!"

हॉल उठून उभा राहिला. एकाने तर हात जोडले.

"सर, नुसतं 'उशी' शोधा की," सून म्हणाली.

"ताई, तसं नसतं ते."

"का बरं? उशी घेणारा माणूस आधी हा मंत्र म्हणतो का?"

हशा पिकला. लॅपटॉपवरच्या मुलीने 'उशी' टाइप केलंसुद्धा. पहिलं पान झालं, पाचवं झालं, चेला काही दिसेना.

"जे शब्द दुसऱ्या कुणी लिहिलेच नाहीत, त्यात पहिला नंबर येणारच," सून म्हणाली. "एकट्याने धावायचं आणि शर्यत जिंकायची! आता सांगा, काकूंच्या पानावरचं तेल कुणाचं?"

"माझं," पार्लरवाल्या बाई हळूच म्हणाल्या. "आणि मी लिंक विकली ती या फोटोग्राफरना."

"अल्बम माझा," फोटोग्राफर म्हणाला. "मी विकली कारकूनसाहेबांना."

"म्हणजे बाहेरचं गिऱ्हाईक एकही नाही. तुम्हीच विकताय, तुम्हीच घेताय, आणि दर वेळी मधला वाटा गुरूंचा. शोधयंत्र लिंकला शिफारस समजतं. विकाऊ शिफारस सापडली की ते विकणाऱ्यालाच खाली ढकलतं. काकूंचं पान तसंच गेलं."

"ही नकारात्मक ऊर्जा आहे," असं म्हणत गुरू मागच्या दाराने सटकले. माइक मात्र कानालाच राहिला. साऱ्या हॉलला कर्ण्यातून ऐकू आलं, "गाडी काढ! अरे, आधी गाडी काढ!"

लोक पोट धरून हसले. काका हसले नाहीत.

"चाळीस वर्षं मी प्रत्येक घड्याळाची पाठ उघडून बघितली," ते म्हणाले. "याचीच तेवढी उघडली नाही. तुम्ही तरी उघडा. कुणी चमत्कार दाखवला की टाळी वाजवण्याआधी विचारा, काय शोधायचं ते तो का ठरवतोय? आणि पैसा येतो तो कुणाच्या खिशातून?"

काकांनी लिंका विकल्या होत्या अकरा पानांवर. दहा पानं सुनेने साफ केली. बाहीचं राहिलं आहे. तेलाची लिंक बसावी म्हणून काकूंचं एक वाक्य मोडून काकांनी तिथं 'बाही केसांइतकी मऊ पडावी' असं लिहिलं होतं. काकूंचं मूळ वाक्य त्यांनी कुठंच उतरवून ठेवलं नव्हतं. ते त्यांना अजून आठवलेलं नाही.