स्ट्रॉबेरीची पोच

"मेल आपण उघडली, हे पाठवणाऱ्याला कळतं का हो दादा?"

साताऱ्यात, पवई नाक्याजवळच्या नेटच्या दुकानात, भर गर्दीत, दीक्षानं हे ठणठणीत आवाजात विचारलं. विचारून दाखव, ही पैज पूजाची होती. पूजाला कुठल्याशा पोरानं मेलवर गुलाबाचं कार्ड धाडलं होतं, तिनं ते पुन्हापुन्हा उघडून बघितलं होतं आणि आता बाई घाबरली होती. बाकीच्या मैत्रिणी दारात तोंडावर ओढण्या धरून उभ्या. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देताना दीक्षाचा आवाज फुटत नसे. दहावीत वक्तृत्वाची ढाल काय मिळाली, पोरगी कुणालाही काहीही विचारायला लागली.

दुकानाचा मालक वीरधवल खुर्चीत रेलला. "पोच जायला ते काय पोस्टातलं रजिस्टर हाय व्हय? उघड, वाच, हस, रड. उत्तर दिलं न्हाईस तर त्याला काय कळतंय?"

पूजा सुटली. दीक्षा मात्र ते उत्तर घेऊन तडक मनुबाईच्या खानावळीमागच्या खोलीत गेली. तिथं तिची नीलूआत्या लपून राहत होती.

नीलिमा म्हणजे दीक्षाच्या आप्पांची धाकटी बहीण, सांगलीला दिलेली. नवरा राजरत्न कंप्युटरमधला हुशार. हॉटेलांच्या, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती मेलवर हजारो लोकांना धाडायच्या, हा त्याचा धंदा. डोकं असं चालायचं, आणि हात त्याच्याही पुढं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं तापलेली इस्त्री आत्याच्या दंडावर टेकवली होती. ती तिकोनी जखम अजून ओली होती. आत्या पळून आल्यावर तो साताऱ्याला आला, घरातली कपाटं उपसली, आप्पांची कॉलर धरली. "पुण्याला गेली," आप्पा म्हणाले. पलटणीत उमेदीची वर्षं काढलेला माणूस, पण बहिणीच्या नवऱ्यापुढं हात खाली सोडून उभा. जाताना राजरत्ननं दीक्षाच्या आईकडं पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, "सापडली की तंगड्या मोडून नेणार, वैनी. सांगून ठेवतो."

आत्यानं सांगलीहून नोकरीचे अर्ज केले होते. उत्तरं तिच्या जुन्याच मेलवर येणार होती. पासवर्ड तिनं बदललेला, त्यामुळं आत शिरायची सोय राजरत्नला नव्हती. दर गुरुवारी शाळा सुटली की दीक्षा तिला तोंडावर पदर घ्यायला लावून नेटच्या दुकानात न्यायची. नोकरीचं उत्तर काही येईना. यायची ती एकच जाहिरात: महाबळेश्वरला दोन रात्री राहा, नाश्ता मोफत.

"नको उघडू गं," आत्या पहिल्या वेळी म्हणाली होती. "कुणाची हाय काय म्हाईत."

"आत्या, पोच जात न्हाई. मी विचारून आलीय. तू भितीस कशाला, मी हाय की."

आणि मग ती स्ट्रॉबेरी पडद्यावर वरून खाली, पट्टी पट्टीनं उतरायची. आधी हिरवं देठ, मग लाल खांदे. टोक दिसेपर्यंत दोघी बघत बसायच्या. "पगार झाला की तुला नेते," आत्या म्हणायची. कित्येक दिवसांनी ती हसायची ती त्या फळाकडं बघून. म्हणून दीक्षा दर गुरुवारी ती जाहिरात मुद्दाम उघडायची.

त्या गुरुवारी स्ट्रॉबेरी अर्ध्यावर आली होती आणि आत्याची मान एकदम मागं गेली. तिच्या वेणीला कुणीतरी हिसका दिला होता.

"टोक दिसू दे की," राजरत्न म्हणाला. "माझीच हाय ती."

त्यानं तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. मग वेणी सैल न सोडता, वर्गात शिकवावं तसा तो बोलला, "हे चित्र मेलमधी नसतंच. ते माझ्या सांगलीच्या कंप्युटरवर असतंय. तू उघडलीस की तुझा कंप्युटर मला म्हणतो, चित्र द्या. तुझ्या स्ट्रॉबेरीला मी तुझंच नाव दिलं व्हतं, नीले. दर गुरुवारी, शाळा सुटायच्या टायमाला, साताऱ्याच्या लाइनवरनं पोच. शेरात नेटची दुकानं तरी किती?"

पोच. ती दर गुरुवारी दीक्षानंच धाडली होती.

त्यानं दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा आत्याचं कर्णफूल कान फाडून निघालं. रक्त कीबोर्डवर ठिबकलं. गिऱ्हाइकं चपला सोडून पळाली. वीरधवल काउंटरमागून ओरडत होता, "मॉनिटर! मॉनिटर सांभाळा!" आणि राजरत्न वेणी न सोडता आत्याला फरशीवर पाडून तिच्या त्याच दंडावर, त्याच जखमेवर बूट ठेवून उभा राहिला.

दीक्षानं वायरीसकट कीबोर्ड उपटला आणि त्याच्या तोंडावर हाणला. कीबोर्ड फुटला, अक्षरं फरशीभर उधळली. तो वळला. त्याची एक थप्पड अशी बसली की तिला भिंत आधी लागली आणि दुखणं मागनं आलं. ओठ फाटला. तोंडात खारट आलं. तिनं खाली लोखंडी स्टूल चाचपलं, दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो कोसळला तरी वेणी सोडेना, म्हणून तिनं तो हातही ठेचला. तेव्हा कुठं बोटं उघडली. त्यांत आत्याच्या केसांचा झुबका होता.

हवालदार आले. राजरत्नला दवाखान्यात नेलं आणि आत्याच्या फाटक्या कानाकडं न बघता म्हणाले, "नवराबायकोचा मामला हाय. सकाळी या, मिटवून टाकू."

घरी आईनं दोघींच्या जखमांना हळद लावली. आत्या भिंतीकडं तोंड करून पडली होती. आप्पा बराच वेळ दाराची कडी काढघाल करत राहिले.

"हिला पहाटेच्या गाडीनं मुंबईला लावून देऊ," शेवटी ते म्हणाले. "आणि दीक्षा तिथं नव्हतीच. स्टूल कुणी मारलं, ठाऊक न्हाई म्हणायचं."

"आवं, खरं हाय," आई म्हणाली. "पोरीच्या जातीचं नाव ठाण्यात नको."

"मुंबईत नेट न्हाई व्हय, आप्पा?" दीक्षा म्हणाली. सुजलेल्या ओठातून शब्द वाकडे येत होते. "तिथं काय आंब्याचं चित्र धाडंल तो."

"तुला कळत न्हाई."

"मला कळत नव्हतं. वीरधवलदादालाबी कळत नव्हतं. आता कळलंय." ती उठून दारात, आप्पांच्या समोर उभी राहिली. "आत्या कुठंबी जाणार न्हाई, ती इथंच ऱ्हाणार. उद्या मी शाळेत जाणार न्हाई, ठाण्यात जाणार. इस्त्रीपास्नं सगळं सांगणार. स्टूल मी मारलं, हेबी माझ्या नावानं लिहून देणार. तुमी आलात तर बरं, न्हाई आलात तरी मी जाणार. आणि ठाण्याचा शिक्का मारलेली पोच हातात पडल्याबिगार घरी येणार न्हाई."