कुसुमलतेचा नकार

१९७४ साली दोंडाईच्याच्या शाळेत प्रकाशचंदनं बांधून दिलेल्या वर्गखोलीचं उद्घाटन होतं. त्यासाठी त्याची धाकटी बहीण कुसुमलता जळगावहून मुद्दाम आली होती. ती पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. भाषणाच्या ओघात प्रकाशचंद म्हणाला, “आमची कुसुम वर्गात कायम पहिली. पण तिला पुढं शिकायचंच नव्हतं. गुरुजी घरी आले, तर तिनंच नाही म्हणून सांगितलं. शेवटी आवड असावी लागते!”

लोक हसले. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हणून कुसुमलताही हसली. आई समोर बघत राहिली.

तिनं नाही म्हटलं होतं, हे खरंच होतं. नववी झाल्यावर तिचे वडील उत्तमचंद यांनी तिला शाळेतून काढलं, तेव्हा भाईदास गुरुजींनी घरी येणार असल्याचा निरोप पाठवला. त्या सकाळी आईनं तिला चुलीपाशी गाठलं. “बाबूजी गुरुजींसमोर तुला विचारतील. नाही म्हण. थोरल्या प्रेमच्या होणाऱ्या सासरच्यांना शिकणाऱ्या पोरींचं घर चालत नाही. तू हो म्हणालीस तर तुझ्या जीजीची सोयरीक मोडेल.”

प्रकाशचंद तिथंच जेवत होता. मॅट्रिकला दोनदा नापास होऊनही त्याला धुळ्याला शिकवणी लावलेली होती. त्यानं सगळं ऐकलं आणि आणखी एक फुलका मागितला.

गुरुजी आले. “शेठ, पोर भलती हुशार शे,” ते कळवळून म्हणाले. उत्तमचंदांनी कुसुमलतेला बाहेर बोलावलं. “मी कुठं अडवतो? तिलाच विचारा.”

कुसुमलता जमिनीकडे बघत नाही म्हणाली. गुरुजी पाणीसुद्धा न पिता उठले. नंतर रस्त्यात दिसले तरी ते तिच्याशी बोलत नसत.

उद्घाटनाहून जळगावला परतल्यावर ती लिहायला बसली. नवरा दुकानात गेला की स्वयंपाकघराचं दार लोटून लिहायची. एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या मोठं होण्याची कादंबरी होती. पहिल्या खर्ड्यात त्या मुलीनं गुरुजींसमोर ठणकावून हो म्हटलं. ते पान वाचताना कुसुमलतेला स्वतःचाच राग आला. तिनं ते फाडलं आणि नाही लिहिलं. चूल, फुलका, आईचा आवाज, सगळं लिहिलं.

कादंबरी धुळ्यात छापली गेली. महिन्याभरात प्रकाशचंद आईला घेऊन जळगावला आला.

“निदान गाव तरी बदलायचं होतंस,” तो म्हणाला. “बाजारात लोक मला विचारतात, फुलका खाणारा भाऊ तूच का?”

“मग काय सांगतोस?”

त्यानं आईकडे बघितलं. आई शांतपणे म्हणाली, “मी तुला असं काही बोललेच नव्हते, कुसुम. तुझ्या मनानंच घेतलं.”

पुढं भाऊबीजेला त्यांनी तिला बोलावलं नाही.

थोरली बहीण प्रेमकुंवर अमळनेरला सासरी होती. ती एका दुपारी एकटीच आली. जरीची साडी, हातभर बांगड्या. कादंबरी तिनं कुणाकडून तरी मागून वाचली होती.

“माझ्या सोयरिकीसाठी तुझी शाळा सुटली, हे मला पुस्तकातून कळलं,” ती म्हणाली.

“तुला सांगून काय झालं असतं, जीजी?”

“मीच मोडली असती. मला तिथं जायचंच नव्हतं.” तिनं बांगड्या कोपराकडे सरकवल्या. मनगटावर काळंनिळं झालं होतं. “पहिल्या वर्षापासून चालू आहे. आणि तू मला पुस्तकात किती सुखी केलंस गं! नवऱ्याच्या टांग्यातून हसत जाणारी.”

“मला वाटलं...”

“तूही कधी विचारलं नाहीस.”

कुसुमलतेनं तिचा हात धरायला हात पुढं केला. प्रेमकुंवरनं बांगड्या पुन्हा खाली ओढल्या. तिचा नवरा दुकानातून यायच्या आत तिला अमळनेर गाठायचं होतं. ती चहासाठीही थांबली नाही.