शेवट खाणारं कार्ड

साइकालनं दुसऱ्या साउंड कार्डाची वायर ओढून काढली, तिसरं खोक्यातून बाहेर घेतलं आणि त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. दोन हेडफोन लावायला दोन भोकं, आवाज कमीजास्त करायला एक गोल बटण. बटण फिरवलं की बोटाला टिकटिक लागत होती. काचेला बोट लावून आवाज वाढवायची कार्डं तिनं दुकानातच परत केली होती. सपाट काचेवर आंधळ्यानं काय चाचपायचं, असं तिनं दुकानदाराला विचारलं होतं, आणि तो बिचारा तिची माफी मागत सुटला होता.

"लावलंस का?" जुमाकादिर आबांनी विचारलं.

"लावतेय. जरा धीर धरा, आबा."

"मी जन्मभर धरला. आता जरा कार्डाला धरू दे."

आबा एकाहत्तर वर्षांचे. नवव्या वर्षी गोवरात त्यांचे डोळे गेले. साइकाल जन्मतःच आंधळी, आणि अंधशाळेत पहिली अक्षरं तिच्या बोटांखाली आबांनीच सरकवलेली. आता ती बिश्केकच्या अंध संघात सगळ्यांचे संगणक दुरुस्त करत फिरायची. पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर कुणाचा मुका झाला, अडखळला, की बोलावणं साइकाललाच. डोळसाचं साउंड कार्ड बिघडलं तर त्याची गाणी बंद पडतात. इथे कार्ड बिघडलं की पडदाच गेला.

आजचं बोलावणं मात्र आबांचं नव्हतं, संघाचे सेक्रेटरी मुकाश यांचं होतं. शाळेची पुस्तकं संघात ध्वनिमुद्रित होत. कुणीतरी डोळस बाई माइकसमोर बसून धडे वाचायची, आणि मग आबा ब्रेलमधलं पुस्तक बोटांखाली धरून सगळं ऐकायचे आणि चुका टिपायचे. शाळेत शिकवत होते तेव्हापासून, तीस वर्षं हेच काम. त्यांनी पास केलेल्या पुस्तकात खोट निघाली असं कधी झालं नव्हतं. या उन्हाळ्यात दोनदा झालं. एका पुस्तकात वाचणारी बाई मध्येच 'थांबा, परत घेते' असं पुटपुटली होती, ते तसंच राहिलं. दुसऱ्यात चार-पाच ठिकाणी वाक्याच्या शेवटी तिचा आवाज पार विरून गेला होता. शाळेनं पत्र पाठवलं.

"जुमाकादिर आबांचं म्हणणं, कार्ड शब्द खातं," मुकाश साइकालला म्हणाले होते. "तू बघून ये. कार्ड असेल तर तसं लिहून दे, नवं देऊ. नसेल, तर सहावीचं पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. आठवड्यात शाळा उघडतेय. उद्या दुपारपर्यंत कागद पाहिजे."

कार्ड नसेल तर काय असेल, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

तिला मनापासून वाटत होतं की कार्डच असावं. कार्डं खातात, यात खोटं काही नव्हतं. स्वस्त कार्ड वीज वाचवायला जरा शांतता झाली की डुलकी काढतं. बोलणं सुरू झालं की दचकून जागं होतं, तोवर पहिलं अक्षर गेलेलं असतं. ही मेख तिला आबांनीच दाखवली होती, ती पंधरा वर्षांची असताना. म्हणून तिनं दुकानातल्या नऊ कार्डांतून न झोपणारी तीन निवडून आणली होती. पहिलं स्वच्छ, काचेसारखं. दुसरं मधलं. तिसऱ्याचा आवाज जाडसर, खर्जाकडे झुकलेला.

दोघांनी एकेक हेडफोन कानाला लावला. स्क्रीन रीडर सुरू झाला, वेग नव्वद. पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा. डोळस माणसाला त्यातला एक शब्द कळत नाही. पण संघात वेग ही इभ्रतीची बाब. नौरुझला, नववर्षाच्या सणाच्या जेवणानंतर पैज लागायची, कोण किती वेगानं ऐकून प्रश्नांची उत्तरं देतो याची. आबा कित्येक वर्षं हरले नव्हते. साठच्या खाली ऐकणाऱ्याला ते 'बैलगाडीवाला' म्हणत.

ऐकताना आबा मान डोलवत होते. परिच्छेद संपला तरी मान थोडा वेळ डोलत राहिली.

"हेही खातं," ते म्हणाले.

"कुठे?"

"शब्दांच्या शेवटाला. सुरुवात येते. शेवट गिळतं."

साइकालचं बोट बटणावर थांबलं. तिनं तोच परिच्छेद पुन्हा लावला. प्रत्येक शब्द अखेरपर्यंत सरळ येत होता. तिनं हेडफोन उतरवला आणि वायर बोटांभोवती गुंडाळायला लागली, मग पुन्हा सोडली.

झूरा एजे चहा आणि तळलेल्या बोरसोक-पुऱ्यांची परात घेऊन आल्या. आबांच्या बायकोला सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणत; त्यांना एका डोळ्यानं थोडंफार दिसायचं, तेवढ्या भांडवलावर त्यांनी बेचाळीस वर्षं संसार रेटला होता.

"ऐकलास का गं यांचा नवा गडी?" त्या म्हणाल्या. "आधी त्या यंत्रात छान गोड बाई बोलायची. हाकलली तिला. आता हा रेड्यासारखा पुरुष आणून बसवलाय."

"बाई किरकिरी होती," आबा म्हणाले.

"बेचाळीस वर्षं मी किरकिर करतेय, मला नाही हाकललंत ते!"

"तुझं बटण कुठे आहे ते सापडलं नाही, म्हातारे."

आबा स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसले आणि हात धुवायला अंगणात गेले. भिंतीला धरून जाणाऱ्या त्यांच्या चपला दूर जाईपर्यंत साइकाल थांबली. मग तिनं स्क्रीन रीडरचा आवाज आणि वेग ठरवणारी मांडणी उघडली. दुसऱ्याची मांडणी उघडणं म्हणजे दुसऱ्याचं कपाट उघडण्यासारखं, हे तिला ठाऊक होतं. तरी उघडली.

आत दोन मांडण्या साठवलेल्या होत्या. एकीचं नाव 'पाहुणे'. वेग नव्वद. आता चालू होती ती हीच. दुसरीचं नाव 'मी'. साइकालनं ती निवडली. जाड आवाजाचा पुरुष, आवाज शंभर टक्के, वेग बावीस. तो तिच्या कानात इतक्या मोठ्यानं आणि इतक्या सावकाश बोलायला लागला की तिनं दचकून हेडफोन ओढून काढला. मग भराभर बोटं चालवून 'पाहुणे' परत लावली.

"सापडलं?" झूरा एजे म्हणाल्या. त्या खोलीतच होत्या, हे ती विसरून गेली होती.

साइकालनं हेडफोन टेबलावर ठेवला.

"वर्ष झालं. बारीक आवाज आधी गेले. मी नेहमी यांच्या उजव्या हाताला बसते. डावीकडून बोललं की चिडतात, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस म्हणून. डॉक्टरचं नाव काढलं तर दोन दिवस जेवले नाहीत. मला कळलंय हे त्यांना ठाऊक नाही, आणि कळू देऊ नकोस." त्यांनी साइकालच्या हातात चहाचा कटोरा दिला, रिवाजाप्रमाणे अर्धाच भरलेला, आणि वरून आपला हात तसाच ठेवला. "लिहून दे ना, कार्ड होतं म्हणून. काम गेलं तर हा माणूस दिवसभर काय करेल इथे? ना दिसत, ना धड ऐकू येत. तू मुलीसारखी आहेस त्यांना."

"आणि सहावीची पोरं, एजे? त्यांनी गिळलेली वाक्यं ऐकून परीक्षा द्यायची?"

झूरा एजेंनी हात काढून घेतला. परात आवरायचा आवाज झाला आणि मग त्यांची पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

साइकालला राग आला होता. आबांनी तिच्यासमोर मान डोलवून नाटक केलं याचा, आणि मुकाशनी हा कागद तिच्याच गळ्यात मारला याचा. पण रागाच्या खाली भीती होती, ती मात्र आबांपुरती नव्हती. तिनं हाताची बोटं आपल्या कानाजवळ नेऊन एकमेकांवर घासली. उजव्या कानाशी, मग डाव्या. दोन्हीकडे नीट ऐकू आलं. याची तिला लाज वाटली.

आबा परत आले आणि खुर्चीत बसले.

"बोल. कुठलं घ्यायचं?"

"तिसरं," साइकाल म्हणाली. "न झोपणारं आहे. बटण हाताला येतं. आणि खर्ज चांगला लागतो."

"खर्ज." आबांनी शब्द तोंडात घोळवला. "हे माझ्यासाठी झालं. कामासाठी कुठलं?"

तिनं बटण एक टिक पुढे फिरवलं. बाहेरच्या रस्त्यावरून कुणाच्या तरी पांढऱ्या काठीची टकटक कुंपणाशी आली आणि पुढे निघून गेली. ती आबांना ऐकू आली की नाही, कोण जाणे.

"पोरी," आबा म्हणाले, "कार्ड शब्दाची सुरुवात खातं. शेवट खाणारं कार्ड अजून निघालेलं नाही. मीच शिकवलंय तुला ते."

"मग मघाशी तुम्ही शेवट म्हणालात..."

"कुणाला तरी सांगायचं होतं. मुकाशला सांगितलं तर तो उद्या निरोपसमारंभच ठेवील. म्हातारीला कार्डातलं काही कळत नाही. म्हटलं, तुला सांगावं, तुझं तुला समजेल." त्यांनी घसा साफ केला. "पहिलं कार्ड लाव. काचेसारखं आहे म्हणालीस ते. सहावीचा सातवा धडा काल मी पास केलाय. ऐक."

तिनं कार्ड बदललं, हेडफोन चढवला. पुस्तक तिच्या मांडीवर आणि आबा समोर, हात गुडघ्यांवर. धडा अठरा मिनिटांचा होता. तेवढा वेळ आबा एकदाही हलले नाहीत. त्यांना काही ऐकू यायचं नव्हतं, तरी ते तिच्याकडे तोंड करून, मान थोडी पुढे काढून बसून राहिले. शाळेत ती वर्गापुढे उभी राहून वाचायची तेव्हाही ते असेच बसत असणार, असं तिला वाटलं. धडा संपला तसा तिनं हेडफोन काढला.

"किती?"

"तीन."

"साइकाल."

"अकरा," ती म्हणाली.

आबांनी श्वास सोडला. मग टेबलाच्या खणातून त्यांनी सातव्या धड्याचा तपासणीचा कागद काढला. वर धड्याचा आकडा, खाली तपासणाऱ्याचं नाव, आणि मधली जागा कोरी, म्हणजे दोष नाही. जुन्या भोकांत ब्रेल लिहायच्या पाटीचे खिळे बरोबर बसवून त्यांनी तो कागद पुन्हा पाटीत अडकवला आणि टोचणी हातात घेतली.

"सांग. पहिला कुठे?"

ती सांगत गेली आणि ते टोचत गेले. वाचणाऱ्या बाईनं पान उलटलेलं, एक खोकला, दोन ठिकाणी बुडालेले शब्द. चौथ्याला ते "हं" म्हणाले, सातव्याला, "हा मला कळायला हवा होता." अकरावा झाल्यावर टोचणी थांबली. मग त्यांनी पाटी खाली सरकवली आणि पुन्हा टोचायला लागले, एकसारखं, सहा-सहाच्या झपाट्यानं. शेवटी थोडं वेगळं काही टोचलं आणि कागद तिच्यापुढे केला.

साइकालनं बोटं वरून खाली नेली. अकरा जागा नीट उतरल्या होत्या, एकही चूक नाही. त्यांच्यानंतर आबांचं नाव होतं तिथं आता नऊ घरं होती, प्रत्येकात सहाही टिंबं. ब्रेलमध्ये लिहिलेलं खोडायचं ते असंच, सगळी टिंबं भरून टाकायची. मग खाली कुठलं अक्षर होतं हे कुणाच्या बोटाला कळत नाही. त्यांच्याखाली, ताज्या टोकदार टिंबांत, तिचं नाव होतं.

तिनं बोट तिथून उचललं नाही. स्वयंपाकघरात झूरा एजेंनी पाण्याचा नळ बंद केला.

"म्हातारीला सांग," आबा हळूच म्हणाले, "कार्डच खराब होतं म्हणून."

"हो," साइकाल म्हणाली. मग तेच, जरा मोठ्यानं, पुन्हा म्हणाली.