कुस्करणं

"कार्डावर तुम्ही मॅशच लिहिलं असणार, भाऊ. मीच वाचायला चुकले," स्वयंपाकीणबाई खरकट्या भांड्यांच्या ढिगाआडून म्हणाल्या, आणि कारकुनाला मान वर करवेना.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तो अकरा वर्षं रुग्णांच्या जेवणाची कार्डं भरत होता. कार्डं इंग्रजीतच हवीत, असा वरचा हुकूम. बाईंना एकेक शब्द त्यानेच शिकवला होता. बॉइल म्हणजे उकडणं, ग्रेट म्हणजे किसणं, चॉप म्हणजे बारीक चिरणं. भाजी निवडता निवडता बाई घोकायच्या, चुकल्या की स्वतःच्याच गालात मारून हसायच्या.

मंगळवारी आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला. "सात नंबरच्या आजोबांना नीट गिळता येत नाही. गाजर-बटाटा उकडून, कुस्करून द्या."

कुस्करण्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते ऐन वेळी आठवेना. पुन्हा फोन करावा, तर 'एवढंही येत नाही?' ऐकावं लागणार. त्याने 'बॉइल अँड चॉप' लिहून टाकलं. चिरलं काय, कुस्करलं काय, बारीक झाल्याशी कारण!

गाजराचा तुकडा आजोबांच्या घशात अडकला. नर्स धावली म्हणून जीव वाचला. कार्ड तोवर केरात गेलं होतं. चौकशीत 'मॅश' वाचायला चुकल्याचा ठपका स्वयंपाकीणबाईंवर आला. तो तिथेच उभा होता. बाईंना चुलीवरून उठवून भांड्यांवर बसवलं.

"तुम्ही नाही चुकलात," तो आता कसाबसा म्हणाला. "मी चॉप लिहिलं होतं. आणि चौकशीत मूग गिळून बसलो."

बाईंचे हात थांबले. नळ वाहत राहिला.

"चार दिवस घास उतरत नाहीये मला," त्या म्हणाल्या. "डोळे मिटले की ते आजोबा दिसतात."

त्याच पावली तो मुख्याधिकाऱ्यांकडे गेला आणि सगळं लिहून दिलं. त्याला ताकीद मिळाली. सोमवारी बाई चुलीशी परतल्या.

त्याने ठळक अक्षरांत 'मॅश' लिहिलेलं कार्ड पुढे केलं. बाईंनी ते हातात घेतलं नाही. उकडलेल्या बटाट्यांचं वाडगं त्याच्याकडे सरकवलं.

"करून दाखवा."

त्याने बाह्या सारल्या. वाफेने बोटं पोळत होती, तरी तो कुस्करत राहिला. बाई वाकून वाडग्यात बघत होत्या.

"तिथे गाठ राहिलीय," त्या म्हणाल्या.