सुतारांचा माइक

मित्रांनो, मी आहे एक जुनी हार्ड डिस्क. चर्चच्या गॅलरीत साउंडवाले काका बसतात, त्यांच्या टेबलाच्या खणात वायरींच्या गुंत्याखाली पडून असते. कुत्रं विचारत नाही मला!

माझेही दिवस होते. दर रविवारी उपासना सुरू झाली, की खालच्या प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर माझ्या पोटात उतरायचा. पाळकांचा वेगळा, ऑर्गनचा वेगळा, गाणाऱ्यांचे आपापले. मग काका ते जुळवून एकच सुरेल रेकॉर्डिंग करायचे. लोक म्हणायचे, "काका, जादू आहे तुमच्या हातात!" माझं नाव कोण घेतंय?

गाणाऱ्यांत एक म्हातारे सुतार होते. उत्साह दांडगा, पण सूर? देवा रे! त्यांना दुखवणं काकांच्या जिवावर यायचं. म्हणून ते सुतारांपुढे माइक ठेवायचे आणि स्पीकरकडे जाणारा त्यांचा आवाज गुपचूप बंद करायचे. जुळवलेल्या रेकॉर्डिंगमध्येही तो घ्यायचे नाहीत. सुतार जीव तोडून गायचे आणि ऐकणारी मी एकटी.

पुढे नवं यंत्र आलं. काकांनी तयार रेकॉर्डिंग तिकडे नेली आणि मला खणात टाकलं. इतके आवाज पोटात घेऊन गप्प पडून राहणं फार जड जातं हो.

मग सुतार वारले. त्यांची मुलगी गॅलरीत आली. "काका, सगळी रेकॉर्डिंग ऐकली. बाबा कशातच नाहीत. असं कसं?"

काकांचा चेहरा पडला. "ताई, रागावू नकोस. त्यांचा आवाज मीच बंद ठेवायचो."

काकांनी घाईघाईने खण उपसला, मला वायर जोडली. इतक्या वर्षांनी फिरायचं म्हणजे काय चेष्टा आहे? मी कुरकुरले, अडखळले, बंद पडले. पुन्हा जोर लावला, आणि सुतारांचा एकट्याचा आवाज गॅलरीत भरला. मध्येच खोकला, चुकलेली ओळ, वर चढताना फाटलेला गळा.

मुलगी रडता रडता हसली. "हेच! घरीसुद्धा असेच गायचे!"

ते एक गाणं तिच्या फोनवर उतरलं आणि माझी तबकडी थांबली, ती थांबलीच. बाकीचे सगळे रविवार माझ्या पोटातच राहिले. आता ते कुणालाच मिळायचे नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी बेसूर गात असेल, तर त्याला गप्प करू नका. जवळ बसा आणि गाणं संपेपर्यंत ऐका.