मापं सांगणारा आवाज

घशाच्या ऑपरेशननंतर ह्यांचा आवाज कायमचा गेला. उरला तो आमच्या जुन्या लॅपटॉपात. हे शिंपी, कटिंग माझं. गिऱ्हाइकाची मापं हे मोठ्याने बोलायचे, मी ती एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये रेकॉर्ड करायचे. "छाती अडतीस, पोट... पोटाचं राहू द्या, साहेब, श्वास सोडा आधी."

पण लॅपटॉप पाच मिनिटांत तव्यासारखा तापून बंद पडायचा आणि फाइल कॉपी व्हायला अर्धा तास हवा होता.

"अहो, काहीतरी करा ना," मी म्हटलं.

ह्यांनी कटिंगच्या टेबलावर खडूने लिहिलं, 'आता ह्याचं ऑपरेशन.' लॅपटॉपच्या तळाला खिडकी कापून त्यांनी जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला आणि टेबलावरच चार रिकाम्या रिळांवर लॅपटॉप ठेवला. तो गार राहिला. मी कॉपी सुरू केली.

अर्धा तास रिकामं बसणं आम्हाला कुठलं जमतंय! मी त्याच टेबलावर फलालीन कापायला घेतलं, शेजारी ह्यांनी मशीन चालवलं. कापडाची सगळी लव पंख्याने आत ओढली. जळका वास आला तेव्हा निम्मीही कॉपी झाली नव्हती.

आतली डिस्कही जळाली, असं दुरुस्तीवाला म्हणाला.

"तुमचा आवाज मी घालवला हो."

ह्यांनी टेबलावर खडूने लिहिलं, 'वेडे, तो आधीच गेला होता.'

ती अक्षरं मी दोन दिवस पुसली नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या अक्षरांवर कापायचं कापड पसरावंच लागलं.