उकपिकचा पहारा

तकुलिकने ओल्या शेवाळात कोपर रोवलं आणि बंदुकीची नळी टेकाडाकडे वळवली. वर मादी अंड्यांवर बसली होती. खालच्या उंचवट्यावर नर, पांढराशुभ्र उकपिक म्हणजे हिमघुबड, मान फिरवून चारी दिशा न्याहाळत होता. घुबड रात्रीचं पाखरू असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडचा सूर्य न मावळणारा उन्हाळा पाहिलेला नाही.

नर झेपावला. जमिनीलगत, जराही आवाज न करता गेला आणि गवतातला लेमिंग उंदीर पंजात धरून मादीकडे परतला. घरट्याभोवती अशा उंदरांची रास पडली होती. मादीने जागचं हलायचं नाही, नराने आणून घालायचं. तकुलिकलाही दोन महिन्यांपूर्वीपर्यंत असंच कोणी आणून घालत होतं.

टेकाडाभोवती पन्नासेक रानबदकं निर्धास्त अंडी उबवत होती. कोल्हा फिरकला की उकपिक त्याची पाठ फोडतो, म्हणून ती त्याच्या आसऱ्याला येतात. ही जागा तकुलिकच्या दिराची, मासाकची. अंडी गोळा करायला तो डोक्यावर पातेलं बांधून यायचा, कारण नर माणसालाही सोडत नाही.

दोन महिन्यांपूर्वी समुद्रावरचा बर्फ फुटला, तेव्हा तिचा नवरा नासुक पलीकडच्या तुकड्यावर राहिला. सोबत असलेल्या मासाकने कुत्र्यांची गाडी वळवली आणि एकटाच घरी आला. प्रेतही मिळालं नाही. त्याचा इलाज नव्हता, असं सगळं गाव म्हणालं. तकुलिकला ते पटलं नाही, पटवून घ्यायचंही नव्हतं. यंदा मासाकच्या घरी एक अंडं जाता कामा नये, एवढंच तिला हवं होतं.

तिने चाप ओढला. नर पडला तिथेच टाकून ती निघून आली.

उरलेलं काम कोल्ह्यांनी दोन दिवसांत केलं. एकटी पडलेली मादी घरटं सोडून गेली आणि टेकाडावर बहुतेक टरफलंच राहिली. बातमी ऐकली तेव्हा तकुलिकने चहात साखर जास्त घातली.

त्याच दुपारी मासाक दारात उभा राहिला. तो आता तोंड दाखवणार नाही, असं ती धरून चालली होती.

"वहिनी, सातच वाचली," त्याने टोपली पुढे केली. "ठेवून घे."

"तुझ्या पोरांना काय?"

"त्यांना मासे आहेत. पहिली अंडी विधवेच्या घरी जातात. तू काय परकी आहेस?"

तिने टोपली घेतली नाही. मग त्याने खांद्यावरचं पोतं उतरवलं आणि त्यातून उकपिक काढून तिच्यासमोर ठेवला.

"मेल्यावरही कोल्हे ह्याच्याजवळ गेले नाहीत. मारलेलं खायचं असतं वहिनी, टाकायचं नसतं."

"मी मारला असं कोण म्हणतं?"

"एका गोळीत उकपिक पाडणारी गावात दोनच माणसं होती. त्यातलं एक बर्फावर राहिलं." त्याने पक्ष्याचा पसरलेला पंख मिटवला. "त्याला मला आणता आलं नाही. ह्यालाही टाकून यायला पाय उचलेना."

तकुलिक खाली बसली. पक्षी मांडीवर घेऊन तिने मूठभर पिसं उपटली, मग आणखी मूठभर. बराच वेळ ती तेच करत राहिली.

"बस," ती वर न बघता म्हणाली. "शिजायला वेळ लागेल. पहिला घास तू खायचास."

मासाकने बूट काढले आणि तो बसला.